शेवटचा पाव आटा

सायकलीच्या दुकानात बाई दिसली की माणूस आधी विचारायचा, "मालक कुठं गेलेत?"

मी पान्यानंच रस्त्याकडं दाखवायची. "तेलगावला, कारखान्यावर. तुमची काय तक्रार?"

"न्हाई, मालक आल्यावर येतो." आणि तो पंक्चर झालेली सायकल ढकलत थेट केजची वाट धरायचा. अर्ध्या वाटेवरनं घामाघूम होऊन परतही यायचा. नांदूरघाटात मी इतकी वर्षं दुकान चालवलं, की पुढं पुढं आमचे हे सुट्टीच्या दिवशी दुकानात दिसले तर लोक म्हणायचे, "काकू कुठं गेल्या? आम्ही मग येतो."

दिवाळी अंकवाल्या मंडळींनी सांगितलं, काकू, एवढ्या सायकली हाताखालून गेल्या, त्यातलं निवडक लिहा. निवडायचं काय? पंक्चर ते पंक्चर. नवरीला डबलसीट आणताना चेन तुटलेला नवरदेव आला होता. घंटीचा आवाज मुलांना धाक बसेल असा करून द्या म्हणणारे हेडमास्तर आले होते. त्या सगळ्यांचं आता हसू येतं. एका सायकलीचं मात्र अजून हसू येत नाही. तीच सांगते.

त्याआधी माझ्या दोन सवयी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. यांनी भाड्याच्या सायकलींचं दुकान टाकलं, दोन वर्षांत यांना कारखान्यावर कारकुनी लागली आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. एका दुपारी मी अख्खी सायकल खोलली, जुन्या लुगड्यावर क्रमानं मांडली आणि उलट्या क्रमानं जोडली. बेअरिंगचे चार छर्रे उरले. सायकल तर चालत होती! ते चार छर्रे कुठले, हे शोधायला मला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी सायकल शिकले.

पहिली सवय कानाची. जुनी सायकल विकत घ्यायची तर मी पान्याच्या पाठीनं तिची फ्रेम वाजवायची. चांगलं लोखंड देवळातल्या टाळासारखं लांब वाजतं. कुठं चीर असली, कुणी वेल्डिंग करून वर रंग फासला असला, की तिथं ते बसक्या आवाजात बोलतं. माझा कान एवढा तयार झाला होता की बाजाराच्या दिवशी बाया माठ घेऊन आधी दुकानात यायच्या. "काकू, येवढं वाजवून सांगा."

दुसरी सवय हाताची. बोल्ट पुरता आवळून झाला की वर आणखी पाव आटा, म्हणजे पाव फेरा, द्यायचा. आमचे रस्ते असे, की केजला जाऊन येईपर्यंत सायकलीचे निम्मे बोल्ट ढिले व्हायचे. माझे होत नसत. शेजारचे किराणावाले शिवाप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "वहिनीनं पाव आटा दिला की मग ते देवालाबी सुटत न्हाई." मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटायचं.

आता मल्हारी. धनगरवाड्यावरच्या राहीबाईचा एकुलता एक. नवरा मागं गेलेला, बाईनं मेंढरांमागं फिरून हा वाढवला आणि तो वाढतच गेला. सहा फूट तीन इंच. आमच्या दुकानाच्या पत्र्याला त्याचं कपाळ कितीदा लागलं असेल! सगळ्यात मोठ्या चौकटीच्या जुन्या सायकलीवर मी त्याला बसवला होता. मडगार्ड, कॅरियर, स्टँड सगळं काढून टाकलेली ती सायकल घेऊन तो आजूबाजूच्या जत्रांतल्या शर्यती मारायचा.

गावात केबलच्या तारा आल्या, एसटीडीचा पिवळा डबा आला, पोरं मोटारसायकलीची स्वप्नं बघायला लागली, माझ्या भाड्याच्या सायकली दावणीला बांधल्यासारख्या उभ्या राहायला लागल्या, ती ही वर्षं. अशात मल्हारी एका शर्यतीत पुण्याच्या एका सरांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला एक खोकं दिलं. आत परदेशी सायकलीची फ्रेम, चाकं, गिअर, सगळं सुटं. आठ दिवसांनी पुण्याला संघाची निवड होती. पहिले चार घेणार. संघात गेलास तर सायकल तुझी आणि पुढं खेळाच्या कोट्यातून नोकरीचं बघू, असं सर म्हणाले होते.

खोकं बसच्या टपावरनं उतरलं ते सरळ माझ्या दुकानात आलं.

"पुण्यालाच कावून न्हाई जोडून घेतली?" मी विचारलं.

"घेतलती. एका मिस्त्रीनं जोडून दिलती. पण काकू, माहे गुडघे हँडलला लागत व्हते. म्हणलं, मपलं माप नंदाकाकूला ठाव हाय."

मी फ्रेम उचलली आणि खरं सांगते, घाबरले. हाताला जड लागेल म्हणून जोर लावला तर ती वरच आली. लोखंड नाही, भांड्यांचं जर्मन नाही. कोळशासारख्या काळ्या धाग्याचं कापड डिंकात भिजवून, साच्यात घालून कडक केलेलं, असं मल्हारीनं सांगितलं. त्याला कार्बन म्हणतात. मी सवयीनं पान्याची पाठ उचलली आणि हलकेच वाजवून बघितलं. टाळ नाही, घंटा नाही. वाळलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज. माझ्या कानाला त्यातलं अक्षर कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सायकल माझ्याशी बोलत नव्हती.

खोक्यात सरांची चिठ्ठी होती. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: आवळताना बेतानं आवळा, हे लोखंड नव्हे. सीटच्या नळीवर एक रेघ आहे, ती चौकटीबाहेर दिसता कामा नये.

मी चिठ्ठी वाचली आणि गल्ल्याखाली ठेवली. मनात म्हणाले, आता मला आवळायला शिकवणार का!

उंच माणसाची सायकल बांधायची म्हणजे आधी माणूस मोजावा लागतो. त्यानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये वही घट्ट वर धरायची आणि वहीच्या कडेला भिंतीवर खूण करायची. त्यावरून सीट किती उंच ते ठरतं. आता बाईमाणूस मी, जवान गड्याच्या टांगेत वही कशी धरणार? राहीबाईला बोलावणं धाडलं. ती मेंढरं चिंचेखाली बसवून आली.

"अजून वर धर, राहीबाई."

"आन् किती वर? ह्येचं पाय संपतेत का न्हाई?"

"आये, गुदगुल्या होतेत!"

"गप हुबा ऱ्हा मुडद्या! ल्हान व्हता तवाच मापायला पायजे व्हता."

पलीकडून शिवाप्पा ओरडले, "वहिनी, भिंत पुरती का? का वरचा मजला बांधू?"

मग हाताचं माप. कोपर सीटच्या टोकाला टेकवलं की बोटं हँडलच्या दांडीला लागली पाहिजेत. मल्हारीचं बोट चार अंगुळं पुढं जायचं. हँडल धरणारे पुढचे तुकडे खोक्यात दोन लांबीचे होते, मी त्यातला लांब घातला. ते खाली वळलेलं हँडल बघून राहीबाई म्हणाली, "ह्या शिंगाचा एडका मपल्याकडं बी हाय."

तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. चाकांचा आऊट काढला, म्हणजे रिम कुठं डावी-उजवीकडं झुकत असेल तर तारा कमी-जास्त ताणून ती सरळ फिरायला लावली. गिअरच्या केबली ओढल्या. जोडून झाल्यावर शिवाप्पांच्या काट्याला दोरीनं टांगली. आठ किलोच्या जरा वर. "माही गुळाची ढेप हिच्यापरीस जड हाय," शिवाप्पा म्हणाले. "ह्याच्यावर माणूस बसायचा का माशी?" सगळे हसले. मी हसले नाही. माझी नजर सीटच्या नळीवर होती.

मल्हारीच्या पायाच्या हिशेबानं सीट वर घेतली की ती रेघ दीड अंगुळ बाहेर दिसत होती.

मी पिवळ्या डब्यावरनं सरांना फोन लावला. ते म्हणाले, लांब नळी मागवतो, पण महिना लागेल. महिना कुठला, पाच दिवस उरले होते. सीट खाली घ्यावी तर त्याचे गुडघे पोटाला. लोखंडी सायकलीलाही नळीवर अशी रेघ असते आणि आमच्याकडं कुणी ती मानत नाही. मी म्हणाले, कंपन्या भ्याड असतात. रेघ बाहेर ठेवली.

मल्हारी फेरी मारून आला तर सीट दोन बोटं खाली सरकलेली. नळी आत कमी गेलेली, धरणार कशी? मी सहाकोनी एलन की घातली आणि चौकटीच्या तोंडाशी असलेल्या कड्याचा बोल्ट आवळला. पुरता आवळला. आणि मग हातानं आपणहून तो पाव आटा दिला.

टिक्.

भातात खडा चावावा, तसा आवाज. एवढाच. दुकानात मी एकटी होते. मल्हारी बाहेर हापशावर तोंड धूत होता. मी वाकून बघितलं, बोट फिरवलं. काही नाही. काळं, गुळगुळीत, चकचकीत. तो आत आला, सीट हलवून बघितली. "आता कशी धरली! काकू, पाव आटा दिला जनू?"

मी म्हणाले, "हो."

तो दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती सायकल घेऊन मांजरसुंब्याच्या घाटाकडं गेला. ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको. वळणं अशी, की ट्रकवालेसुद्धा ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. आणि हा तिथं सुसाट उतरायचा सराव करणार होता. मी दुकान उघडलं. एक ट्यूब तीनदा पाण्यात बुडवली, पंक्चर सापडेना. लोखंड मोडताना आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला सावध करतं. हे कसं मोडतं मला माहीत नव्हतं. पण वाळला भोपळा कसा फुटतो ते मला माहीत होतं.

दुपारी तो आला. धुळीनं माखलेला आणि दात दिसतायत. "काकू, हवेत असल्यावानी वाटतंय! घाट कधी सरला कळलंच न्हाई."

मी त्याला पाणी दिलं. तो पीत असताना कड्यापाशी पुन्हा बोट फिरवलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. आमचे हे शांत माणूस. जेवता जेवता म्हणाले, "चीर दिसली का?"

"नाही."

"मग? आवाजाचं काय, कड्याचाबी आवाज येतो. आता त्याला सांगितलं तर त्याच्या मनात भ्या बसंल. भ्यालेला माणूस घाटात जास्त पडतो. गप ऱ्हा."

हे पटण्यासारखं होतं. पटलंही. आणि मला सांगितलं पाहिजे, पटलं याचं अर्धं कारण माझी अब्रू होती. नंदाकाकूच्या पाव आट्यानं परदेशी सायकल फोडली, हे गावानं कुठवर मिरवलं असतं! मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीही तो घाटात गेला. दुसऱ्या दिवशीही मी रस्त्याकडं डोळे लावून बसले. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात यायचं, टिक्, टिक्.

तिसऱ्या दिवशी निवडीला दोनच दिवस राहिले, म्हणून राहीबाई भंडारा घेऊन आली. खंडोबाची माणसं ती; कुठल्याही कामाला निघण्याआधी हळद उधळल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मल्हारी सायकल धरून उभा. राहीबाईनं मूठ भरून भंडारा हँडलला लावला, दांडीला लावला, सीटच्या नळीला चोळला. मग माझ्या कपाळालाही लावला.

"बाई, दुसऱ्या कुनाच्या हातची असती तर म्या लेकराला बसू दिलं नसतं," ती म्हणाली. "ही काडीवानी दिसती. पर तुमी बांधली हाय. मला घोर न्हाई."

मला तिच्याकडं बघवेना. नजर चुकवायला मी फडकं घेतलं आणि सायकल पुसायला लागले. हळद सगळीकडची निघाली. कड्याच्या खाली मात्र एक पिवळा धागा राहिला. केसाएवढा बारीक, नखाएवढा लांब. पुन्हा पुसला. धागा तिथंच.

मी कडं सोडलं, नळी बाहेर काढली आणि गल्ल्यातलं रुपयाचं नाणं घेतलं. पान्यानं या फ्रेमला वाचा फुटत नव्हती. नाण्याच्या कडेनं जरा नाजूक, टोकदार आवाज येत होता. वरून सुरू केलं. टक, टक, टक. दांडीवर टक. खाली टक. पिवळ्या धाग्यापाशी आले तर थप. पुन्हा केलं. टक, टक, थप.

"काय झालं, काकू?" मल्हारीनं विचारलं.

शिवाप्पा आणि दोन गिऱ्हाइकं दाराशी येऊन उभी होती. मी नाणं मुठीत धरलं.

"मल्हारी, त्या दिशी सीट आवळताना हितं आवाज आलता. सरांनी लिहिलं व्हतं बेतानं आवळा, रेघ बाहेर काढू नका. म्या दोन्ही केलं. आन् तुला सांगितलं न्हाई."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो खाली बसून तो धागा बघायला लागला. "वरचा रंग असंल, काकू. रंगाला चरा पडला असंल."

"असंल."

"मग?"

"आत चीर बी असंल."

"तुमी सांगा ना! तुमाला आवाज कळतो. फुटली हाय का न्हाई?"

माणसांनी भरलेल्या दुकानात मी जे कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले. "मला न्हाई कळत, लेकरा. लोखंडाचं कळतं. ह्याचं न्हाई."

मल्हारीचा चेहरा काळवंडला. "दोन दिस घाटात उतरलो म्या हिच्यावर," तो हळू आवाजात म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, "आन् आता सांगतावं? आज? गप तरी बसायचं व्हतं, न्हाईतर तवाच सांगायचं व्हतं!" पत्र्याला कपाळ आपटत तो बाहेर पडला आणि चिंचेखाली मेंढरांत जाऊन बसला.

मला वाटलं राहीबाई शिव्या देईल. तिनं त्या पिवळ्या धाग्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "देवानं दावलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पर बाई, तुमी त्येच्या आदी दावायचं व्हतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घटकाभरानं मल्हारी आत आला. "लोखंडी बांधा," म्हणाला. दुसरं काही नाही.

मग ते दीड दिवस. त्याच्या जुन्या सायकलीची फ्रेम खोलली. नवी चाकं हलकी आणि सुसाट होती, पण मागचं चाक रुंद, जुन्या चौकटीत बसेना. लोखंडाची एक गोष्ट चांगली, ते ऐकतं. लाकडी फळी घालून, इंचाइंचानं दाबत मागचे दोन्ही दांडे फाकवले, दोरा लावून दोन्ही बाजू सारख्या केल्या. गिअर बसवले, हँडल बसवलं. पान्यानं वाजवलं तर लांब टाळासारखा आवाज आला, आणि मला रडू फुटलं. काट्यावर मात्र ती कार्बनवालीपेक्षा निम्म्यानं जास्त भरली. बोल्ट आवळताना मल्हारी शेजारी उभा होता. पुरता आवळला आणि हात थांबवला.

"द्या," तो म्हणाला. "हितं द्या पाव आटा." दीड दिवसात तो पहिल्यांदा थोडा हसला.

पुण्याला तो पाचवा आला. चढावर मागं पडला, उतारावर तिघांना गाठलं, पण चौथा काही सापडला नाही. पहिले चार घेतले. सरांना त्यानं सगळं खरं सांगितलं. सर म्हणाले, शंका आलेल्या फ्रेमवर मी कुणाला बसवणार नाही, टांगून ठेवा. म्हणून ती आमच्या दुकानात टांगलेली राहिली. मल्हारी पुढं बसवर ड्रायव्हर झाला. पाय दुमडून स्टिअरिंगमागं बसतो आणि रोज तोच घाट प्रवाशांना घेऊन उतरतो, एकही अपघात नाही.

ती फ्रेम खरंच फुटली होती का, हे मी कधी तपासलं नाही. हॅक्सॉ भिंतीलाच होती. कापली असती की दोन मिनिटांत कळलं असतं. पण चीर नसती निघाली, तर एका धनगराच्या लेकराची नोकरी मी रंगाच्या चऱ्यावर घालवली असं झालं असतं. आणि निघाली असती, तर ते दोन दिवस मला उरलेल्या जन्मात झोपू देणार नव्हते.

गेल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली होती. मल्हारी आला. राहीबाई आता नाही. भंडारा तो आणतो. त्यानं पाने, पंप, हवेची टाकी, सगळ्यांना हळद लावली आणि शेवटी वर टांगलेल्या फ्रेमलाही, हात न ताणता. मी म्हणाले, "मल्हारी, माहं वय झालं. ती हॅक्सॉ घे आन् काप एकदाची. काय असंल ते कळू दे."

"कापून कशाला? तवा तुमी कापून थोडंच सांगितलं व्हतं?" त्यानं फ्रेम खाली काढली, खिशातनं नाणं काढलं आणि वाजवत वाजवत खाली आला. टक, टक. कड्याच्या जागी थांबला. तिथं दोनदा वाजवलं. कान जवळ नेला.

"काकू, हितं येगळं वाजतंय."

माझे कान गेल्या तीन-चार वर्षांत बसलेत. मला तिथं आणि वर अगदी सारखंच ऐकू आलं.

"खरं सांगतूस का मला बरं वाटावं म्हणून?"

त्यानं फ्रेम पुन्हा वरच्या खिळ्याला अडकवली, नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "काकू, घाटाची गाडी हाय. निघतो." आणि बाहेर पडताना, पत्र्यापाशी, आठवणीनं वाकला.